बंद टीव्हीसमोर अण्णा आणि मामा

पाहुणे आले की टीव्ही बंद करावा, एवढी साधी रीत आमच्या अण्णांना कधी कळली नाही. मला हैदराबादला नोकरी लागली होती आणि ते मला जाऊ द्यायला तयार नव्हते. त्यांची समजूत घालायला मी चाकूरच्या मामांना बोलावलं, तर मामाही येऊन क्रिकेट बघत बसले. मी चिडून टीव्हीच बंद केला.

"आता बोला!"

दोघंही काळ्या पडद्याकडेच बघत राहिले. शेवटी मामा म्हणाले, "लाव बाई, कसंतरीच व्हायलंय."

मी लावला. पडद्यावरची नजर न काढता मामा म्हणाले, "दाजी, जाऊ द्या की पोरीला हैदराबादला."

अण्णांनीही मान वळवली नाही. "जाईना का! मी कुठं धरून ठेवलंय? ए, आवाज वाढव."