काटा का हलतो

“वहिनी इथेच आहेत की माहेरी गेल्यात?” मिलिंदने, म्हणजे ह्यांच्या मित्राने, हळूच विचारलं. हे म्हणाले, “आत आहे. तिचा काही त्रास नसतो.” मी चहा गाळत होते आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालेलं. हे आठवडाभर हडपसरला कंपनीत कॉम्प्युटरशी बोलायचे आणि रविवारी हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी बिनतारी संचावरून, जगाशी. त्या रविवारी वाघोलीच्या भाड्याच्या घरामागे अँटेना उभा केला होता. त्यात सोडलेली किती ताकद नुसती जमिनीत मुरून वाया जाते, ते मोजायचं चाललं होतं. ती कमी वाया जावी म्हणून मातीत तारासुद्धा पुरून झाल्या होत्या.

चहा घेऊन मी अँटेनापाशी गेले.

“अरे, काटा सरकला,” मीटरवर वाकलेला मिलिंद म्हणाला.

“जोड ढिला असेल.”

मी ट्रे ठेवून आत गेले.

“आला जागेवर.”

मी बिस्किटं घेऊन आले.

“गेला परत.”

“माती फार कोरडी आहे. अजून तारा पुरू,” म्हणत ह्यांनी कुदळ उचलली.

खात्री करायला मी जरा मागे सरले, पुन्हा पुढे आले. काटा इमानाने माझ्याबरोबर जात-येत होता. दोघांपैकी एकानेही मान वर केली नाही.

“अहो, खणू नका,” मी म्हणाले. “माती ठीक आहे. मी जवळ आले की काटा हलतो. इथे कोणी उभं आहे, हे निदान त्याला तरी कळतंय.”