जिथून आग निघाली

पायरीवर ठेचकाळलीस ना? सगळेच ठेचकाळतात. ये, बस – त्या खिडकीपाशी नको, इकडे भिंतीशी बस. का म्हणून काय विचारतेस, त्या खुर्चीत या घरात कुणी बसत नाही, मी तिथं कपड्यांच्या घड्या ठेवते. आणि पोर्चमधला दिवा बिघडलेला नाही गं, लावत नाही एवढंच. हं, गार चहा घे, आणि दाखव तुझा तो फोनमधला नकाशा.

अगं बाई, किती लाल टिंबं. मिसिसिपीला गोवर आल्यासारखा दिसतोय. आणि हे टिंब म्हणजे मी? याचे तुला कॉलेजात मार्क मिळणार – मिळू देत, माझ्या जळलेल्या पोर्चवर कुणीतरी पास होऊ दे. बोटानं दाबलं की घराचा फोटो, रस्ता, दारावरचा नंबर, सगळं जगाला दिसणार म्हणतेस. छान. अशी प्रसिद्धी आमची एकदा झालीय. साठ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात उत्तरेकडून तुझ्यासारखीच पोरं आली होती, चष्मेवाली, उन्हानं सोललेली, आम्हा काळ्यांना मतदार करायला. गेले मी कोर्टात, नाव नोंदवायला. कारकून म्हणाला, राज्यघटनेचं हे कलम समजावून सांग. मला – जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. त्याला तरी कुठं समजलं होतं. मतदार यादीत नाव नाही आलं, पण पेपरात आलं, पत्त्यासकट. शेजारच्या ओझीनं वाचून दाखवलं. किती हौशी माणसं, आम्ही फक्त अर्ज केला तर छापून मोकळी.

मग काय होणार? त्या संध्याकाळी रूफसनं, माझ्या नवऱ्यानं, दिवा लावून ठेवला. आमच्याकडे उतरलेला पोरगा यायचा होता, नवख्याला पायरी दिसायला नको? दिसली की. पायरी, दार, नंबर, गाडीतल्यांना सगळं स्वच्छ दिसलं. रॉकेलची पेटती बाटली आली. रूफसनं हातांनीच विझवलं. सुतार होता तो – नंतर हातोडी कधी धरता आली नाही. आणि पेपरात काय छापलं, तर म्हणे ऊब घ्यायची शेगडी भडकली. ऑगस्टात. पोर्चवर. शेगडी.

तेव्हा मला सांग पोरी, शिकलेली आहेस – आग जिथं पडली तिथं टिंब, जिथून निघाली तिथं का नाही? चर्च जळलं, टिंब. खानावळ फोडली, टिंब. सगळी आमचीच घरं. बघणाऱ्याला वाटेल, आम्हालाच पेट घ्यायची खोड होती. काय? पुरावा लागतो? आणि त्यांच्या घरचे लोक अजून तिथं राहतात, त्यांना त्रास होईल? बरोबर. मी मात्र इथं राहत नाही, मी नकाशातच राहते. पुरावा हवाय तुला – अगं, पुरावा मी स्वतः धुतलाय. दुसऱ्या सकाळी, ज्या गोऱ्यांचं धुणं करायचे त्यांच्याकडे कामावर गेले तर धुण्याच्या टोपलीत तळाशी शर्ट, बाही करपलेली, रॉकेलचा भपकारा. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या त्या घरच्या मालकाला रॉकेल कशाला लागतं गं? धुतला, इस्त्री केली, घडी घातली, आणि मिसेस प्रुइट मला म्हणतात, मोझेल, आज डोळे का सुजलेत –

काय बघतेस अशी?

प्रुइट म्हणाले मी. म्हणाले ना. आणि तो फोन माझं बोलणं टिपतोच आहे. साठ वर्षं या तोंडानं ते नाव काढलं नव्हतं. रूफसलासुद्धा सांगितलं नाही – सांगितलं असतं तर गेला असता तिकडे, तसल्या हातांनी, आणि तुला आणखी एक टिंब मिळालं असतं. आता दुकान नातू बघतो, टॉड. पोरगा गुणाचा आहे, तेच तर दुखणं आहे. दर शुक्रवारी माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेऊन येतो, मिस मोझेल, मिस मोझेल करत, आणि दर शुक्रवारी त्या पायरीवर आपटतो. म्हणतो, दिवा का नाही लावत? शेवटी स्वतःच बल्ब आणला, स्टुलावर चढून बसवून दिला. मी खालून स्टूल धरलं होतं.

पुसू का म्हणतेस? बघ बघ, लगेच पुसायला निघाली, पुरावा मागत होतीस ना. राहू दे. पण नकाशात आज घालायचं नाही. त्याच्या आजोबाचं नाव त्याला तुझ्या फोनमधून कळायला नको. आजवर छापून सांगायची रीत त्यांची होती, आपली नाही. मी समोर बसवून सांगेन. मग घाल तुझं टिंब, दोन्हीकडे घाल.

झाला का चहा? ऊठ मग, निघ. आज शुक्रवारच आहे, येईलच तो. पुढच्या दारानं जा. आणि दाराशी बटण आहे बघ, उजव्या हाताला – जाताना दाबून जा. त्याला आज पायरी दिसू दे.