पहिला बसला तो रोडेल

...नाही गो अंतरा, पहिला शहाजी नव्हे — त्याचं नाव लिही, मराठी मंडळाच्या अंकात आपल्या माणसाचं यायला हवंच — पण पहिला बसला तो रोडेल. फिलिपिनो. तुला कुणी सांगितलंच नसेल. कोण सांगणार? मी तिथेच होते बाय, अल खोरकडच्या शेतावर मजुरांचं जेवण रांधायची. इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमसाठी गवत वाढवायचे ते. उन्हाळ्यात भर दुपारी काम बंद ठेवायचा कायदा आहे, पण मालकाला घाई. एक नेपाळी भोवळ येऊन पडला, तरी सुपरवायझर म्हणतो, यल्ला, चला, उचला पाण्याचे पाइप. तेव्हा रोडेल खाली बसला. पाइप सोडून नुसता बसला. मागोमाग सगळे फिलिपिनो. आणि आपले? आपले पाइप उचलत राहिले — भीती कुणाला नसते? दुसऱ्या दिवशी शहाजी बसला, मग सगळं शेत बसलं. पेपरवाले आले तेव्हा पुढे शहाजीच होता. रोडेल कुठे असणार — त्याला सकाळीच गाडीत घालून नेलं होतं, तसाच विमानात बसवला, कामाच्या कपड्यांनिशी.

त्याचा आजा अमेरिकेत द्राक्षांच्या मळ्यात होता. तिथेही आधी संपावर गेले हेच लोक, आणि नाव झालं मागून आलेल्यांचं. हसत सांगायचा. मागच्या दारी बसून भाकरी नि सुकट खाता खाता — कधी म्हणजे? जेवणं उरकली की. रोजच. सगळे मला रुकैयाबाई म्हणतात, तो रुकी म्हणायचा... तसं काही नव्हतं गो. म्हणाला, वर्ल्ड कप झाला की लग्न करू. मी इन्शाल्ला म्हटलं. हो म्हणायचं होतं, पण म्हटलं, घाई कसली, अजून पुष्कळ वेळ आहे.

पुढे? पुढे शेड झाली, थंड पाणी आलं, दुपारची सुट्टी मिळाली. तो घरी पोचला तो किडन्या गमावून. उन्हानं गेल्या, म्हणे. त्याच्या बहिणीचा फोन आला, तिच्या इंग्लिशमधलं मला फार कळलं नाही — जे कळायचं ते कळलं. वर्ल्ड कपला अजून वर्ष आहे.

माझं कशाला लिहितेस? खोड ते. मी त्याची कोण म्हणून लिहिणार? बायको नव्हे, बहीण नव्हे. त्याच्या मातीला गेले नाही, फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.

ऊठ बाय. आता जिच्या घरी रांधते त्या मॅडमची गाडी आली.