जुन्या खोक्यांचा आवाज

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर दोघे भाऊ बसले होते, मैफलींना स्पीकर लावणारे.

"कंपनीनं ते स्पीकर बनवणं बंद करून बारा वर्षं झाली. तरी आपल्यासारखा आवाज आजही कुणाकडे नाही."

"हो, दादा."

"एकेक खोकं उचलायला चार माणसं लागतात, पण गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू येतो. तू विकायला निघाला होतास. मी अडवलं म्हणून राहिले."

"दादा, तीन वर्षांपूर्वी त्यांचे वरचे कर्णे गेले. पार्ट कुठेच मिळेना."

"मग?"

"मग आतलं सगळं काढून नवे स्पीकर बसवले. खोकी आणि जाळी तेवढी जुनी."

"मला न विचारता?"

"सांगणारच होतो. पण त्यानंतरच्या पहिल्याच मैफलीला तू नेहमीसारखा शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलास आणि परत येऊन म्हणालास, नव्या डबड्यांना याची सर यायची नाही. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

"तीन वर्षं लोकांत माझं हसं केलंस."

"लोकांना काही कळलं नाही. मला वाटलं होतं, तुला तरी कळेल."

आतून नंबर पुकारला. धाकटा उठून उभा राहिला.

"ऊठ, आपला नंबर आला."

"आत काय करायचं असतं?"

"हेडफोन लावतात. आवाज आला की बटण दाबायचं."

"एवढंच ना?"

"एवढंच. पण दादा, ऐकू आला तरच दाब."