शालीआडची बोटं

जुना फोटो खरा की खोटा, हे विचारायला फोटो जमवणारे जिंतूरला माझ्या घरी येतात. ही विद्या मी माझी मीच शिकले, म्हणून बोलताना कुणाच्या बापाला भीत नाही. पण परवा माझीच जीभ अडकली गं.

चारठाण्याचे रामजीमामा आपल्या वडिलांचा फोटो विकायला आले होते. घेणारा शहरातला. त्यानं भिंग लावलं आणि ओरडलाच, "मावशी, डोळे ब्रशनं काढलेत! नकली फोटो आहे. म्हातारा फसवतोय!"

मामा चटकन उठून उभे राहिले.

मी भिंग हिसकून घेतलं. फोटो अस्सल होता, पण डोळे खरंच रंगवलेले. मला कळायचं ते कळलं. पूर्वी जिवंतपणी फोटो राहून गेला, तर माणूस गेल्यावर त्याला खुर्चीत बसवून काढायचे आणि फोटोतल्या मिटल्या पापण्यांवर ब्रशनं डोळे रंगवायचे. हे लेकाला कोणत्या तोंडानं सांगू?

"बोला की मावशी!"

"गप रे! फोटो खरा हाय. पण मामा, तुमचे वडील यात..." तेवढ्यात फोटोतल्या वडिलांच्या खांद्यावर, शालीआडून डोकावणारी बारकी बोटं मला दिसली. "ही कुणाची?"

"माजीच," मामा म्हणाले. "बा खुर्चीतून पडू नये म्हणून मागून धरला व्हता."

शहरवाला एकदम मऊ झाला. "गेल्यावरचा फोटो? मग तर फार दुर्मिळ! द्या काका, घेतो."

मामांनी फोटो उपरण्यात गुंडाळला.

"तवा पडू दिला न्हाई. आता ह्याच्या हाती सोडू व्हय?"