मागनं कुणी ‘येऊ दे’ म्हणालं

ऐका रं पोरांनो. सरका जरा शेकोटीजवळ, आन मधी कुणी बोलू नका.

आपला शिदू खताळ, ट्रक चालवायचा. मेव्हणीच्या नव्या घराला कौलं पोचवायची म्हणून एका राती निघाला. संगं बायकू केराबाई. क्लीनर तापानं पडलेला, त्यो आलाच न्हाई. घाटाचा फेरा वाचवाया शिदूनं गाडी घातली जुन्या खाणीच्या वाटंला. अंधार पडल्यावर तिकडं कोण जातं का? पर ह्यो गेला!

फुडं दरड पडून वाट बुजलेली. आता गाडी मागं घिऊन वळवायची. खाली उतरून मागं बघावं का न्हाई? न्हाई उतरला. कटाळा! केराबाई तोंडावर पदर घिऊन झोपलेली.

तेवढ्यात ट्रकच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, थाप पडली. धप, धप!

“येऊ दे... येऊ दे...”

शिदूला वाटलं, खाणीचा राखणदार असंल. बरं झालं! घेतली गाडी मागं.

“येऊ दे शिदू... येऊ दे...”

आता मला सांगा, राखणदाराला ह्याचं नाव कसं ठावं? शिदूचा पाय ब्रेककडं गेला. तर मागनं बाईमाणूस बोललं, “अवं, या की! लई जागा हाय!”

केराबाईचा आवाज! हुबेहूब! ही कवा उतरली म्हणून त्यानं शेजारी बघितलं. केराबाई तिथंच. घोरत व्हती!

शिदूचा पाय ब्रेकवरनं घसरला. आन धाडकन! गाडी कशावर तरी आदळली, गचका खाऊन बंद पडली.

केराबाई दचकून उठली. “काय मोडलं वो?”

दोघं बॅटरी घिऊन मागं गेली. फाळका चेपलेला, लाल दिव्याच्या काचा खाली. गाडी बाभळीच्या बुंध्याला अडली व्हती. आन बुंध्याच्या पल्याड? जमीनच न्हाई! खाली खाणीचं काळंभोर पाणी. माणूस कुठंच न्हाई. आन त्या पाण्यातनं हळूच आवाज आला, “येऊ दे...”

शिदू मटकन खाली बसला. केराबाईनं बखोट धरून त्याला उठवला, आन खाणीकडं तोंड करून वरडली, “न्हाई येत जा! बस तिथंच!”

मग गाडी वळवून आल्या वाटंनं परत निघाली. केराबाई बॅटरी घिऊन म्होरं चालली, मागनं ट्रक. डांबरीवर आल्यावर दोघं रडली, आन मग हसायलाच लागली, थांबंनात!

सकाळी साडू गाडीभवती फिरून हळहळला, “लई नुकसान झालं की वो!”

“नुकसान कसलं, साडू? दिवाच फुटला!” शिदू म्हणाला, आन भाकरीवर आडवा हात मारला.

तवा त्या खाणीच्या वाटंला चाक घालू नका. आन गाडी मागं घेताना, मागनं कुणी कितीबी मायेनं बोलावलं, तरी आधी खाली उतरा!