नागावच्या समुद्रावरून

हॅलो? … हॅलो, वहिनी, नवाब बोलतोय. स्पीकर लावा आणि जोत्याच्या कानाशी धरा. … जोत्या, ऐक राव. सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मी समुद्रावर आहे. नागावला. रिटायर झाल्यावर दोघं जाणार होतो ना, तिथंच. …

काही हललं का, वहिनी? … पापणीसुद्धा नाही? … बरं, स्पीकर बंद करा जरा.

अहो, कसला समुद्र. पिंपरीतच आहे, गॅरेजचं शटर अर्धं ओढून बसलोय. … नाही, त्याला सांगू नका. सकाळी डॉक्टर काय म्हणाले? … लकव्यानं वाचा गेली ती गेलीच? … त्याच्यादेखत बोलले असं? … आणि घरी न्या म्हणाले. … अहो, ऐका ना. चाकणच्या कंपनीत अख्खी नोकरी आम्ही एका मशीनवर काढली. मी थाप मारायची, यानं पकडायची. एवढंच येतं मला. … नाही, दुसरं काही सुचत नाही. लावा स्पीकर.

हां, जोत्या. ते छत्रीला बांधून आभाळात सोडतात ना, त्यात बसलो. दोरी एवढी सुटली, की वरून राजगुरुनगरचा एसटी स्टँड दिसला. मंचरची गाडी लागली होती. … काय, वहिनी? … नुसता छताकडं बघतोय? …

मग ती केळ्यासारखी रबरी होडी. पोरांनी उलटी केली, मी पाण्यात. मला पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे. एका डॉल्फिननं कॉलर धरून काठावर आणून सोडलं. वर टोपीपण आणून दिली. … काहीच नाही? … हाताला चिमटा घेऊन बघा. … हो, हो, नका घेऊ. चुकलं माझं.

जोत्या, अरे शिवी तरी दे. तू असा गप्प पडलास तर मी हे सगळं कुणाला सांगायचं रे? घरी बायको, कनीज, तर माझं अर्ध्यातच सोडून उठून जाते. … नाही वहिनी, रडत नाही. इथं खारं वारं आहे, डोळ्यांत जातं. …

तर आता उंटाच्या रांगेत उभा आहे. माणसावर माणूस पडलंय, वाळू दिसत नाही. आज गुरुवार ना, सुट्टीचा दिवस, सगळी दुनिया समुद्रावर लोटली…

कोण बोललं? … वहिनी, तुम्ही? … मग खोलीत दुसरं कोण आहे? … थांबा, नीट सांगा, काय म्हणाला? … 'गुरुवारची सुट्टी'… पुढं? … 'आपल्याकडंच'? …

हो की राव. गुरुवारची सुट्टी आपल्या चाकणच्या कंपन्यांची. समुद्रावर गर्दी रविवारची. … अजून काही म्हणतोय? फोन त्याच्या तोंडाशी धरा, वहिनी. तोंडाशी. …

हां… हां, 'थापाड्या'. परत म्हण.